काडतुसाचा धनी कोण?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कतारगामला भाच्याकडे चार दिवस राहण्याचा योग आला. नंदुरबारहून सुरतेला जाताना नवापूर स्टेशन लागते. तिथल्या एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, हे आपल्या भागातल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. भाचा वीस वर्षांपूर्वी ही सीमा ओलांडून पोटासाठी सुरतेला गेला. आज कतारगाममध्ये एका भाड्याच्या गाळ्यात त्याची दोन लेथ मशीन्स आहेत. आजूबाजूला हिऱ्याचे कारखाने, त्यामुळे घंटीवर हिरा पैलू पाडताना ज्यात धरतात त्या डॉपचे सुटे भाग बनवून देणे, हा त्याचा धंदा.

दीड वर्षापूर्वी त्याने या डॉपच्या पकडीत एक बदल केला. हिरा फिरवताना सगळी पकड सैल करावी लागू नये, अशी काहीतरी स्प्रिंगची युक्ती होती. मला ती त्याने दोनदा समजावली, पण लेथपेक्षा खडू बरा असे म्हणणाऱ्यांपैकी मी. चाळीसेक नग विकले गेले आणि तीन आठवड्यांत मागच्या गल्लीतल्या एका कारखान्यातून तसाच्या तसा डॉप स्वस्तात बाहेर पडला.

"मामा, तुम्ही इतिहास शिकवता. पूर्वी असली भांडणं कशी मिटायची हो?" रात्री गच्चीवर त्याने विचारले. मी त्याला बंदुकांची गोष्ट सांगितली. बंदुकीच्या कारागिरांनी जितक्या लढाया रणांगणासाठी सजवल्या, तितक्याच कचेऱ्यांतून आणि न्यायालयांतून स्वतः लढल्या. त्यातली एक तर आपल्या १८५७ च्या उठावापर्यंत येऊन भिडते.

एन्फिल्डचे काडतूस आणि त्यावरची चरबी आपण शाळेत शिकतो. मीही तीस वर्षे शिकवली. पण त्या काडतुसाला ती चरबी मुळात लागायची कशाला, हे फारसे कोणी सांगत नाही. बंदुकीच्या नळीत आतून वळणदार खाचा पाडल्या तर गोळी गिरकी घेत सरळ आणि दूर जाते, हे जुनेच ज्ञान. अडचण एवढीच की खाचांत घट्ट बसणारी गोळी नळीच्या तोंडातून ठोकून ठोकून आत घालावी लागे आणि त्यात शिपायाचा वेळ जाई. तेव्हा गोळी जाताना सैल आणि येताना घट्ट हवी! यावर तोड निघाली ती बुडाशी पोकळ असलेल्या गोळीची. दारू पेटली की गोळीचे बूड फुलते आणि खाचांना चिकटते. मेणकापडासारखा तेलकट कागद गोळीभोवती ठेवला की ती सहज खाली सरकते. हाच तो कागद, जो दातांनी फाडायचा होता.

आता ही फुलणारी गोळी कोणाची? ब्रिटिश फौजेच्या ३४ व्या पलटणीतला कॅप्टन नॉर्टन हा एक दावेदार. दक्षिण हिंदुस्थानात असताना त्याने तिथल्या लोकांची फुंकनळी पाहिली. तिच्यातल्या बाणाच्या बुडाला कमळाच्या देठाचा मऊ गर लावलेला असे. फुंकर मारताच तो गर फुगून नळीला गच्च बसे. त्यावरून त्याला पोकळ बुडाची गोळी सुचली, असे सांगतात. सरकारने ती नाकारली. पुढे विल्यम ग्रीनर या इंग्लिश बंदूककाराने बुडात पाचर बसवलेली गोळी केली आणि १८३५ मध्ये टाइनमथला सैनिकांकडून तिची चाचणीही झाली. चाचणी चांगली झाली. पण गोळी दोन तुकड्यांची, म्हणून खात्याने तीही बाजूला सारली.

मग १८४९ च्या सुमारास फ्रेंच कॅप्टन मिनिए याने पोकळ बुडात लोखंडी टोपी बसवली, आणि ज्या सरकारने घरच्या दोघांना परत पाठवले होते त्याच सरकारने मिनिएला वीस हजार पौंड मोजले. ग्रीनर चवताळला. त्याने अर्जांवर अर्ज केले, आपल्या जुन्या चाचणीचे कागद पुढे केले. अखेर १८५७ साली, या तत्त्वाची पहिली जाहीर सूचना करणारा म्हणून, त्याच्या हातावर एक हजार पौंड ठेवण्यात आले. सनावळी पाहा. ज्या वर्षी तिकडे ग्रीनरचा हक्क मान्य झाला, त्याच वर्षी इकडे बराकपूर, मीरत पेटले. खुद्द एन्फिल्डच्या गोळीला प्रिचेट या लंडनच्या बंदूककाराचे नाव लागले आणि बक्षीसही त्यालाच मिळाले. तिच्या आराखड्यात मेटफर्ड नावाच्या इंजिनिअरचा हात होता.

"आणि फुंकनळीवाल्याचं नाव काय होतं, मामा?" भाच्याने मध्येच विचारले. ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

योगायोग असा की आपल्या देशातला पेटंटचा पहिला कायदा याच काळातला, १८५६ चा. चौदा वर्षांचा मक्ता देणारा. कलकत्त्याच्या डीपेनिंग नावाच्या इंजिनिअरने त्याखाली पहिला अर्ज केला तो पंखा ओढण्याच्या यंत्राचा. (साहेबाला वारा घालणाऱ्या माणसाची गरज संपवणे, हा हिंदुस्थानातला पहिला शोध!) कायद्याला राणीची पूर्वमंजुरी घेतलेली नाही असे लक्षात आल्यावर १८५७ मध्ये तो रद्द झाला आणि १८५९ मध्ये नव्याने आला.

भाच्याला मात्र कोर्टाची गोष्ट हवी होती. ती अमेरिकेत घडली. रिव्हॉल्वरचा सॅम्युएल कोल्ट हा पोरवयात खलाशी म्हणून कलकत्त्याच्या सफरीवर निघाला होता. जहाजाच्या फिरत्या चाकावरून आपल्याला कल्पना सुचली, असे तो सांगे. १८३६ मध्ये त्याने अमेरिकेत पेटंट घेतले, पहिला कारखाना बुडाला, तरी पेटंट सोडले नाही. १८५१ मध्ये बोस्टनच्या न्यायालयात मॅसॅच्युसेट्स आर्म्स कंपनीवरचा दावा त्याने जिंकला आणि १८५७ पर्यंत कोणाला जवळ फिरकू दिले नाही.

दुसरा रोलिन व्हाइट. गोळ्यांच्या फिरत्या पुंगळीला आरपार भोके पाडून मागून काडतूस भरायचे, याचे पेटंट त्याने १८५५ मध्ये घेतले. स्मिथ आणि वेसन यांनी ते वापरायचे ठरवले आणि दर रिव्हॉल्वरमागे पंचवीस सेंट देऊ केले. करारात एक कलम होते. कोणी नक्कल केली तर खटला व्हाइटने स्वतःच्या खर्चाने लढायचा. नकला झाल्याच. खटले वर्षानुवर्षे चालले, बहुतेक त्याने जिंकलेही, सर्वोच्च न्यायालयात मते समसमान पडल्याने पेटंट टिकले. मिळालेल्या सुमारे एकाहत्तर हजार डॉलरपैकी मोठा भाग वकिलांकडे गेला. पेटंट १८६९ मध्ये संपले. मुदतवाढीसाठी काँग्रेसने विधेयक मंजूर केले, पण जानेवारी १८७० मध्ये अध्यक्ष ग्रँट यांनी ते नाकारले. यादवी युद्धात या पेटंटपायी सरकारचीच अडचण झाली, असे शस्त्रखात्याने त्यांना कळवले होते.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे कागद पाहिजे, आणि कागद वाचताही आला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी त्याच्या ओळखीच्या वकिलाकडे गेलो. त्यांनी सांगितले ते असे. आपल्याकडे आता पेटंट वीस वर्षांचे असते आणि गुजरातचे अर्जही मुंबईच्या कार्यालयाकडेच जातात. डिझाइनची नोंदणी वेगळी. ती वस्तूच्या रूपाला संरक्षण देते, युक्तीला नाही. दोन्हींना अट एकच, वस्तू अर्जाआधी लोकांपुढे आलेली नसावी. भाच्याचा डॉप चाळीस ठिकाणी विकून झाला होता. त्याचा दावा मागच्या गल्लीत नव्हे, त्याच्या स्वतःच्या पावतीपुस्तकातच संपला होता.

परत येताना त्याने कपाटातून एक वही काढून दाखवली. पकडीची दुसरी, सुधारलेली रचना पेन्सिलीने काढलेली, खाली तारीख. तिचा एकही नग अजून गाळ्याबाहेर गेलेला नाही. "जोडणारा मुलगाही घरचाच ठेवलाय," तो म्हणाला, आणि वही पुन्हा कपड्यांखाली सरकवली.