ट्रम्पेट थांबल्यावर : ख्रिस पेरी, लोर्ना आणि कोकणीतला चा-चा-चा (थ्रेड)

१९६० च्या दशकात न्यूयॉर्कमधील क्यूबन आणि पोर्तो रिकन वस्त्यांत सोन, मांबो आणि चा-चा-चा यांच्या मिश्रणातून ‘साल्सा’ आकार घेत होता. त्याच सुमारास मुंबईत, चर्चगेटच्या अ‍ॅस्टोरिया हॉटेलातील ‘व्हेनिस’मध्ये, मडगावचे ख्रिस पेरी ट्रम्पेटवर तोच चा-चा-चा वाजवीत होते. पुढे मायक्रोफोनशी उभ्या असत विशी न ओलांडताच या वाद्यवृंदात आलेल्या लोर्ना कॉर्देरो.

हवानाचा ठेका कोकणी माणसाच्या हाती इतक्या सहजी कसा बसला? उत्तर गोव्याच्या चर्चशाळांत सापडते. पोर्तुगीज राजवटीत तेथे मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. हेतू प्रार्थनासंगीताचा होता. पण त्यातून कोणत्याही देशाचे लिहिलेले संगीत समोर ठेवताच वाजवू शकणाऱ्या वादकांच्या पिढ्या घडल्या. त्यांना पोटापाण्याला मुंबई गाठावी लागे. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’त (१९५१) हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते. त्या चित्रपटातील बोंगोच्या ठेक्यावर मराठी घरांनीही ताल धरला. तो कुठून आला, हे बहुधा कुणी विचारले नसावे.

पेरींनी पुढचे पाऊल टाकले. चा-चा-चामध्ये चार मात्रांपैकी चौथी दुभागली जाते आणि पुढच्या समेसह तीन जलद ठोके उमटतात. या चौकटीत त्यांनी इंग्रजी शब्द न बसवता कोकणी शब्द बसवले, आणि विषयही घरचेच घेतले. ‘बेबदो’ म्हणजे दारूडा. ‘पिसो’ म्हणजे वेडा, आपल्या ‘पिसा’चा सख्खा भाऊ. क्लबातल्या नृत्यसंगीतावर घरातले दुःख गाणे, हा प्रयोग कागदावर विसंगतच वाटला असता. तो साधला लोर्नांच्या आवाजामुळे. किंचित खरखरीत, भरदार आणि गरज पडेल तेथे ट्रम्पेटशी बरोबरी करणारा तो आवाज होता. एचएमव्हीच्या तबकड्यांनी तो गोव्याच्या खेड्यांत नेला.

१९७० च्या दशकात ही जोडी तुटली. पेरींनी ‘भुंयारांतलो मनीस’ (१९७७) या पहिल्या रंगीत कोकणी चित्रपटाची निर्मिती केली. दुबईत संगीतशाळाही उभारली. लोर्ना मात्र सुमारे दोन दशके रंगमंचापासून दूर राहिल्या. इतरांबरोबर न गाण्याचा करार त्यामागे होता, अशी आख्यायिका गोव्यात आजही सांगतात. आख्यायिका लोकप्रिय आहे, कारण ती सोयीची आहे : एका व्यक्तीला दोषी ठरवले की बाकीचे प्रश्न उरत नाहीत.

तुलनेसाठी सेलिया क्रूझ पाहाव्यात. क्यूबाच्या ‘सोनोरा मातान्सेरा’ या वाद्यवृंदात पंधरा वर्षे गाऊन १९६५ मध्ये त्या बाहेर पडल्या. न्यूयॉर्कमध्ये तितो पुएंतेंसारखे संगीतकार होते, ध्वनिमुद्रण कंपन्या होत्या, स्पॅनिश समजणारा मोठा श्रोतृवर्ग होता. त्यांची खरी स्वतंत्र कारकीर्द त्यानंतर बहरली. मुंबईत कोकणी गाण्याची बाजारपेठ लहान होती. नवी गाणी रचणारे आणि त्यांची वाद्यरचना करणारे हात मोजके. अशा ठिकाणी वाद्यवृंद सोडणे म्हणजे गायिकेने गाणेच सोडण्यासारखे होते.

१९९५ मध्ये संगीतकार रॉनी मॉन्सेरात यांनी लोर्नांना पुन्हा गायला राजी केले. ‘हॅलो लोर्ना’ या ध्वनिफितीसह त्या पणजीच्या मिरामार येथे श्रोत्यांसमोर उभ्या राहिल्या. तबकड्यांवर वाढलेली एक पिढी त्यांना प्रथमच प्रत्यक्ष पाहत होती. पेरी तेथे वाजवायला नव्हते. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे या दोघांच्या आयुष्यापासून प्रेरणा घेऊन बार्द्रॉय बार्रेटो यांनी ‘नाचुंया कुंपासार’ काढला. त्याला सर्वोत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटाचे हे नावही पेरींनी रचलेल्या आणि लोर्नांनी गायलेल्या एका गाण्याचेच आहे.