मधुमेहाची औषधे आणि गर्भारपणाचे पहिले आठवडे

मधुमेह असलेल्या स्त्रीला दिवस गेले की गोळ्या बाळाला बाधतील या भीतीने त्या घरच्या घरी बंद केल्या जातात. खरा धोका इथूनच सुरू होतो. बाळाचा मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेपासून घडतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते; हृदयही याच सुमारास आकार घेते. पाळी चुकल्याची खात्री होईपर्यंत यातले बरेच काम उरकलेले असते. या काळात साखर चढी राहिली तर जन्मजात व्यंगांची शक्यता वाढते. म्हणून एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) शक्यतो ६.५ टक्क्यांच्या खाली आणून मगच मुलाचा विचार करावा, असे अमेरिकन डायबेटिस असोसिएशन सांगते.

गर्भारपणात पहिली पसंती इन्सुलिनला. आईची साखर वार ओलांडून बाळापर्यंत पोचते, इन्सुलिन जवळजवळ पोचत नाही.

मेटफॉर्मिन मात्र वार ओलांडते. तरीही पहिल्या तिमाहीत ते घेतलेल्या स्त्रियांच्या अभ्यासांत गंभीर व्यंगांचे प्रमाण वाढल्याचे दिसलेले नाही. पीसीओडीसाठी ही गोळी चालू असताना अनपेक्षित दिवस गेले, तर घाबरून जाऊ नये. डॉक्टरांना लगेच गाठावे. या गोळीची दुसरी बाजू महाराष्ट्रात अधिक महत्त्वाची आहे. दीर्घकाळ घेतल्यास तिच्यामुळे बी१२ जीवनसत्त्व घटू शकते, आणि शाकाहारी घरांत ते आधीच कमी असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाला गर्भारपणातील बी१२ची कमतरता व भरपूर फोलेट यांचा मुलांमधील इन्सुलिन-प्रतिरोधाशी संबंध आढळला. मेटफॉर्मिनवरच्या स्त्रीची बी१२ तपासणी म्हणूनच टाळू नये.

नव्या औषधांबाबत सावधगिरी हवी. सेमाग्लुटाइड शरीरात रेंगाळते. गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी ते थांबवतात. २०२३च्या एका बहुदेशीय अभ्यासात सेमाग्लुटाइडच्या गटातील औषधांमुळे व्यंगे खूप वाढल्याचे दिसले नाही, पण तेवढ्यावर ती चालू ठेवण्याची शिफारस होत नाही. डॅपाग्लिफ्लोझिनऐवजीही दुसरे औषध निवडतात.

मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर रक्तदाबासाठी रॅमिप्रिल आणि कोलेस्टेरॉलसाठी अटोरवास्टॅटिन अनेकींना दिलेले असते. साखरेची चर्चा होताना ही दोन्ही सहज विसरली जातात. त्यांच्याविषयी डॉक्टरांना आधीच विचारायला हवे. रॅमिप्रिलच्या गटातील औषधे गर्भाच्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात.