वक्र प्लायवुडची आसने, चेन्नईतील

लाकडाचे सोललेले पातळ पापुद्रे, म्हणजेच व्हीनियर, राळेने एकावर एक चिकटवून व तापलेल्या साच्यात दाबून वळविले आणि गादी, झालर वा कोरीवकाम यांची मदत न घेता त्या वळणाकडेच बैठकीचे व पाठीचे काम सोपविले, म्हणजे जे आसन सिद्ध होते ते. ज्या वळणावर इंचभर जाडीची फळी तडकते त्यावर मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा पापुद्रा निमूटपणे वाकतो, आणि राळ पक्की झाल्यावर एकही पापुद्रा शेजाऱ्यावरून सरकू न शकल्यामुळे वळण कायम राहते. याच न्यायाने फिनलंडात आल्व्हार आल्टोची पायमिओ आरोग्यधामातील खुर्ची (१९३२) व इंग्लंडात जेरल्ड समर्सची प्लायवुडच्या एकाच अखंड तक्त्यातून काढलेली आरामखुर्ची (१९३४) घडली. आणि अमेरिकी नौदलातील जखमींच्या पायांना आधारपट्ट्या पुरविताना हस्तगत केलेली विद्या चार्ल्स व रे ईम्स या दांपत्याने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या खुर्च्यांत उतरविली.

ब्रह्मदेशी सागवान आणि घाटातले शिसवी लाकूड यांवर पोसलेल्या मद्रासच्या सुतारकामाचा पिंड याच्या नेमका उलट, वजनाला व नक्षीला मान देणारा. भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या ईम्स दांपत्याच्या १९५८ च्या अहवालातून अहमदाबादेस १९६१ मध्ये राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली खरी. पण दिवाणखान्यांची अभिरुची अहवालांनी पालटत नसते. आज चेन्नईच्या राजीव गांधी सालई या रस्त्यावरील संगणक-कंपन्यांच्या कचेऱ्यांतही फिरत्या खुर्चीचा सांगाडा पुष्कळदा साच्यातल्या प्लायवुडचाच असतो, मात्र फोम व कापड यांखाली दडलेला; ज्या वस्तूचे सारे सौंदर्य उघडेपणात, तिला येथे पडदानशीन व्हावे लागले आहे.

उघडी खुर्ची करू पाहणाऱ्यास खरी अडचण राळेची. अशा खुर्चीची कड झाकलेली नसते, पापुद्र्यांच्या रेघा हाच तिचा अलंकार. युरिया-फॉर्माल्डिहाइड राळ त्या रेघा फिक्या व स्वच्छ ठेवते, परंतु खाऱ्या, दमट हवेत आणि महाराष्ट्रात आकाश निवळल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, येथे कोसळणाऱ्या ईशान्य मोसमी पावसात ती हार खाते. फिनॉलची राळ पाण्याला दाद देत नाही, पण कडेवर काळसर रेषा उमटवते. डोळ्याला एक हवी आणि समुद्राला दुसरी, या पेचातून मेलामाइन मिसळलेली राळ हा मध्यममार्ग निघतो.

लाकडाचा पुरवठाही पूर्ववत राहिलेला नाही. नीलगिरीतील गुडलूरच्या जंगलावरून उद्भवलेल्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या हुकुमाने ईशान्येकडील राज्यांतून लाकूड बाहेर नेण्यास मनाई केली, आणि १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर प्लायवुडसाठीच्या गर्जन लाकडाचा तेथून येणारा मार्गही खुंटला. परिणामी केरळातील पेरुंबावूरच्या कारखान्यांत, चीक आटल्यावर तोडलेल्या रबराच्या झाडांपासून बनणाऱ्या प्लायवुडला महत्त्व आले. हे लाकूड फिकट व वळणास अनुकूल असले तरी भुंगेरे व बुरशी यांना फार लवकर बळी पडते, म्हणून त्यास आधी बोरॉनच्या क्षारांचे संस्कार करावे लागतात.