मॅग्नेशियमची मात्रा : एका विसंगतीचा इतिहास

इंग्लंडमधील एप्सम येथील झऱ्याचे कडू पाणी सतराव्या शतकात रेचक म्हणून ख्याती पावले. १६९५ मध्ये नेहेमाया ग्रू याने त्यातील क्षारावर लॅटिन प्रबंध लिहिला. हा क्षार म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट होय. तीन शतकांनी, १९९७ मध्ये, अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने तीस वर्षांवरील पुरुषासाठी मॅग्नेशियमची दैनिक मात्रा ४२० मिलिग्रॅम ठरविली, आणि कमाल मर्यादा मात्र ३५०! ही विसंगती वरवरची आहे. अन्नातील मॅग्नेशियमला ती मर्यादा लागूच नाही. ती केवळ औषधे व पूरक गोळ्यांतील क्षारांपुरती आहे. तिचा आधार अतिसार, म्हणजे एप्समचाच जुना गुण. युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीने २००१ मध्ये त्याच लक्षणावरून २५० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णास मात्र यांपैकी कोणताही आकडा अभय देत नाही. त्याच्या रक्तात मॅग्नेशियम साचत जाते.