नेटलेबल

नेटलेबल ही लिनक्स कर्नेलमधील एक उपप्रणाली आहे. नेटवर्कवर जाणाऱ्या पॅकेटांना सुरक्षा लेबल लावणे आणि येणाऱ्या पॅकेटांवरील लेबल वाचणे हे तिचे काम होय. एसईलिनक्स आणि स्मॅक या सुरक्षा मॉड्यूलांना ती ही सेवा सामाईकपणे पुरवते. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीतील पॉल मूर यांनी ती लिहिली व नोव्हेंबर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स २.६.१९ या आवृत्तीत तिचा समावेश झाला. लेबल लावण्या-वाचण्याचे काम जवळजवळ प्रत्येक पॅकेटमागे करावे लागत असल्यामुळे त्याचा भार कमीत कमी ठेवणे हा तिच्या रचनेतील कळीचा प्रश्न राहिला आहे.

== पार्श्वभूमी ==

अनिवार्य प्रवेश नियंत्रण असलेल्या संचालन प्रणालीत प्रत्येक प्रक्रियेला व फाइलला एक सुरक्षा लेबल असते. कोणी काय वाचावे व कोठे लिहावे हे या लेबलांवरून ठरते आणि फाइलच्या मालकालाही तो नियम मोडता येत नाही. मात्र माहिती एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर गेली की तिच्यासोबतचे लेबल मागे राहते. 'गोपनीय' पातळीवरील प्रक्रियेने पाठवलेला मजकूर पलीकडच्या यंत्रावर कोणत्याही सामान्य मजकुरासारखाच दिसतो. ही उणीव भरून काढण्यासाठी लेबल पॅकेटसोबतच पाठवण्याची पद्धत रूढ झाली.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या वापरासाठी असलेला आयपी सुरक्षा पर्याय नोव्हेंबर १९९१ मध्ये आरएफसी ११०८ या दस्तऐवजात नोंदवला गेला. त्यानंतर अधिक व्यापक वापरासाठी 'कमर्शियल आयपी सिक्युरिटी ऑप्शन' म्हणजेच सिप्सो या पर्यायाचा मसुदा १९९२ मध्ये तयार झाला. हा मसुदा आरएफसी म्हणून कधीच प्रसिद्ध झाला नाही. तरीही ट्रस्टेड सोलारिससारख्या अनेक व्यापारी प्रणालींनी तो स्वीकारला. या प्रणालींशी लिनक्सला त्यांच्याच भाषेत बोलता यावे हा नेटलेबलचा मूळ हेतू होता. २००७ मध्ये रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ५ चे लेबलाधारित सुरक्षेच्या निकषांवर ईएएल४+ पातळीचे प्रमाणीकरण झाले.

== सिप्सो लेबलाची रचना ==

आयपीव्ही४ पॅकेटचे हेडर किमान २० व कमाल ६० बाइटांचे असते. म्हणजे सर्व पर्याय मिळून ४० बाइटांत बसवावे लागतात. सिप्सो हा १३४ क्रमांकाचा पर्याय आहे. त्याचे पहिले ६ बाइट क्रमांक, लांबी आणि 'डोमेन ऑफ इंटरप्रिटेशन' अर्थात डीओआय यांसाठी असतात. लेबलातील आकड्यांचा अर्थ कोणत्या कोष्टकानुसार लावायचा हे डीओआय सांगतो. उरलेल्या ३४ बाइटांत 'टॅग' असतो. टॅगमध्ये संवेदनशीलतेची एक पातळी आणि वर्गांची यादी येते. वर्ग नोंदवण्याचे तीन प्रकार आहेत :

* प्रकार १ (बिटमॅप) : प्रत्येक वर्गासाठी एक बिट. ३० बाइटांत २४० वर्ग मावतात.
* प्रकार २ (यादी) : प्रत्येक वर्गाचा क्रमांक २ बाइटांत. जास्तीत जास्त १५ वर्ग मावतात.
* प्रकार ५ (पट्टे) : सलग वर्गांचा आरंभ व अंत. सात-आठ पट्ट्यांहून अधिक मावत नाहीत.

कोणता प्रकार निवडला यावर लेबलाचा आकार बराच अवलंबून असतो. बिटमॅपची लांबी वर्ग किती आहेत यावरून नव्हे, तर सर्वांत मोठा वर्गक्रमांक कोणता यावरून ठरते. उदाहरणार्थ, लेबलात फक्त २०० क्रमांकाचा एकच वर्ग असेल, तर प्रकार १ नुसार बिटमॅपलाच २६ बाइट लागतात आणि पूर्ण पर्याय ३६ बाइटांचा होतो. तेच लेबल प्रकार २ मध्ये १२ बाइटांत मावते. कर्नेल मात्र स्वतः सर्वांत लहान प्रकार शोधत बसत नाही. प्रशासकाने डीओआयच्या व्याख्येत ज्या क्रमाने प्रकार दिले असतील, त्यांतील पहिला जमणारा प्रकार तो वापरतो. त्यामुळे वर्गांना क्रमांक देताना व प्रकारांचा क्रम लावताना केलेला विचार पुढे प्रत्येक पॅकेटमध्ये उपयोगी पडतो.

== पॅकेटमागील भार ==

लेबलाचा भार दोन प्रकारचा असतो : तारेवरील जागेचा आणि प्रक्रियकावरील कामाचा.

जागेचा भार पॅकेटच्या आकारानुसार बदलतो. वर्ग नसलेले सर्वांत लहान सिप्सो लेबल १० बाइटांचे असते व चारच्या पटीत आणण्यासाठी ते १२ बाइटांचे केले जाते. १५०० बाइटांच्या पॅकेटमध्ये हा भार ०.८ टक्के, तर ४० बाइटांच्या कमाल लेबलाचा भार सुमारे २.७ टक्के होतो. लहान पॅकेटांचे गणित वेगळे आहे. टीसीपीचे कोणतेही पर्याय नसलेले, केवळ पोच देणारे पॅकेट ४० बाइटांचे असते. कमाल लेबल लागल्यावर ते ८० बाइटांचे, म्हणजे थेट दुप्पट होते.

कामाचा भार वेगाबरोबर वाढतो. दहा गिगाबिट इथरनेटवर पूर्ण आकाराची पॅकेटे सेकंदाला सुमारे आठ लाख येऊ शकतात. म्हणजे एका पॅकेटच्या वाट्याला सव्वा मायक्रोसेकंदाहून कमी वेळ येतो. तेवढ्यात पर्याय तपासणे, डीओआय शोधणे, पातळी व वर्गांचे स्थानिक मूल्यांत भाषांतर करणे, त्यापासून सुरक्षा संदर्भ बनवणे आणि शेवटी प्रवेशाचा निर्णय घेणे ही सर्व कामे व्हावी लागतात.

== भार कमी करण्याचे उपाय ==

=== सॉकेटवर एकदाच लेबल ===

पाठवणाऱ्या बाजूला लेबल शक्यतो सॉकेटवरच लावले जाते. सॉकेट तयार होताना किंवा जोडणी होताना सिप्सो पर्याय एकदा रचला जातो आणि सॉकेटच्या आयपी पर्यायांत ठेवला जातो. पुढे त्या सॉकेटवरून निघणाऱ्या पॅकेटांत नेहमीच्या मार्गानेच त्याची नक्कल होते. लेबल पुन्हा रचावे लागत नाही. वापरकर्त्याच्या कार्यक्रमाने हा पर्याय काढण्याचा प्रयत्न केल्यास एसईलिनक्स त्याला अडवते. गंतव्य पत्त्यानुसार लेबलाची पद्धत बदलत असेल आणि सॉकेट एकाच पत्त्याशी जोडलेले नसेल, तेव्हा मात्र प्रत्येक पॅकेटवर स्वतंत्रपणे लेबल लावावे लागते. लवचीकपणाची ही किंमत असते.

=== लेबलांचा कॅशे ===

येणाऱ्या पॅकेटांच्या बाबतीत मुख्य बचत कॅशेमुळे होते. एका जोडणीवरील हजारो पॅकेटांचा सिप्सो पर्याय बहुधा तोच असतो. म्हणून संपूर्ण पर्याय हीच किल्ली मानून त्यापासून निघालेला सुरक्षा ओळखक्रमांक साठवून ठेवला जातो. पुढच्या पॅकेटवर तोच पर्याय दिसला की भाषांतराची सगळी पायरी टळते. या कॅशेत १२८ कप्पे असून प्रत्येक कप्प्यात मूळ मांडणीनुसार १० नोंदी राहतात. ही मर्यादा प्रशासकाला बदलता येते. कप्पा भरल्यास शेवटची नोंद काढून नवी नोंद सुरुवातीला घातली जाते. वारंवार लागणारी नोंद तिच्या आधीच्या नोंदीपेक्षा दहाहून अधिक गुणांनी पुढे गेली, की दोघींची अदलाबदल होते. त्यामुळे वर्दळीची लेबले आपोआप पुढे सरकतात आणि प्रत्येक शोधामागे यादी नव्याने लावावी लागत नाही.

असा कॅशे जपून वापरावा लागतो. धोरण बदलल्यानंतरही जुना ओळखक्रमांक मिळत राहिला, तर काढून घेतलेली परवानगी प्रत्यक्षात चालूच राहील. म्हणून एसईलिनक्सचे धोरण नव्याने चढवले जाताच हा कॅशे रिकामा केला जातो.

=== स्थानिक टॅग ===

एसईलिनक्सचे पूर्ण लेबल ४० बाइटांत मावत नाही. सिप्सोमधून केवळ पातळी व वर्ग जातात. वापरकर्ता, भूमिका व प्रकार हे भाग जात नाहीत. एकाच यंत्रातील प्रक्रियांच्या संवादासाठी लिनक्स २.६.२८ मध्ये १२८ क्रमांकाचा स्थानिक टॅग आला. त्यात लेबलाऐवजी कर्नेलचा ३२ बिटांचा ओळखक्रमांकच ठेवतात. पर्याय १२ बाइटांतच आटोपतो, भाषांतर करावे लागत नाही आणि लेबलही संपूर्ण पोहोचते. हा क्रमांक दुसऱ्या यंत्रावर निरर्थक असल्याने त्याचा वापर लूपबॅकपुरता मर्यादित आहे.

=== लेबलाविना पॅकेटे ===

एखाद्या यंत्राकडून नेहमी एकाच पातळीची माहिती येत असेल, तर ते प्रत्येक पॅकेटवर लिहिण्याची गरज नसते. नेटलेबलमध्ये जाळ्याचा जोड आणि पत्ता यांवरून अशा पॅकेटांना ठरावीक लेबल देता येते. स्मॅकमध्येही एका लेबलाची यंत्रे नोंदवण्याची सोय आहे. त्यांच्याकडे पॅकेटे सिप्सोविना जातात. मात्र पाठवणाऱ्या प्रक्रियेला त्या यंत्राच्या लेबलावर लिहिण्याचा अधिकार असावा लागतो. याखेरीज लेबलांची कोणतीही पद्धत मांडलेली नसेल, तर एक साधा गणक तपासून नेटलेबलची बहुतेक कामे वगळली जातात. त्यामुळे ही सोय न वापरणाऱ्यांना तिची फारशी झळ बसत नाही.

=== एसईलिनक्समधील बदल ===

लेबल कळल्यानंतरची तपासणीही पूर्वी महाग होती. जुन्या पद्धतीत प्रत्येक पॅकेटमागे जाळ्याचा जोड, पत्ता आणि पोर्ट अशा तीन तपासण्या होत. जेम्स मॉरिस यांनी लिहिलेल्या सेकमार्कमुळे लिनक्स २.६.१८ पासून त्यांच्या जागी एकच तपासणी करणे शक्य झाले. पुढे पत्ते व पोर्ट यांच्या ओळखक्रमांकांसाठी प्रत्येकी २५६ कप्प्यांचे हॅश तक्ते आले. त्यांच्या एका कप्प्यात १६ पर्यंत नोंदी राहतात. त्यामुळे धोरणातील लांबलचक यादी दर वेळी चाळावी लागत नाही. जुनी पद्धत २.६.३० मध्ये काढून टाकण्यात आली.

== पर्यायी पद्धती ==

सेकमार्कचे लेबल तारेवर जात नाही. फायरवॉलच्या नियमांनुसार ते पॅकेटला यंत्रातच लावले जाते. जोडणीच्या पहिल्या पॅकेटचे लेबल जोडणीच्या नोंदीत जतन करून पुढील पॅकेटांना तेच देता येते. पलीकडच्या प्रक्रियेचे लेबल कोणते होते हे मात्र त्यावरून कळत नाही.

लेबलयुक्त आयपीसेकमध्ये लेबल प्रत्येक पॅकेटमध्ये न ठेवता दोन यंत्रांतील सुरक्षा कराराशी जोडतात. करार करताना लेबल एकदाच कळवले जाते, म्हणून ते कितीही मोठे असले तरी पॅकेट वाढत नाही. त्याऐवजी कूटलेखनाचा खर्च येतो आणि प्रत्येक वेगळ्या लेबलासाठी स्वतंत्र करार लागतो. लिनक्समध्ये ही सोय २.६.१६ पासून आहे. आयकेई आवृत्ती २ साठी तिचे प्रमाणीकरण ऑक्टोबर २०२३ मध्ये आरएफसी ९४७८ द्वारे झाले.

फ्रीबीएसडीच्या प्रवेश नियंत्रण चौकटीत पॅकेटचे लेबल स्मृतीत वेगळ्या टॅगमध्ये ठेवतात. चढवलेल्या एखाद्या धोरणाने मागणी केली तरच त्यासाठी जागा घेतली जाते.

== आयपीव्ही६ : कॅलिप्सो ==

आयपीव्ही६ साठी कॅलिप्सो हा पर्याय जुलै २००९ मध्ये आरएफसी ५५७० मध्ये मांडला गेला आणि लिनक्स ४.८ मध्ये, २०१६ साली, नेटलेबलमध्ये आला. हेडर आठच्या पटीत असावे लागत असल्याने वर्ग नसलेले लेबलही किमान १६ बाइट घेते. सिप्सोप्रमाणेच याच्यासाठीही स्वतंत्र कॅशे आहे.

== मर्यादा ==

सिप्सो लेबल हेडरमध्ये उघडे असते आणि त्याला स्वतःचे कोणतेही संरक्षण नसते. मार्गातील कोणीही ते बदलू शकतो. त्यामुळे विश्वासार्ह जाळ्यातच ते वापरावे लागते, अन्यथा आयपीसेकच्या प्रमाणीकरण हेडरची जोड द्यावी लागते. सार्वजनिक इंटरनेटवर पर्याय असलेली पॅकेटे अनेक राउटर संथ मार्गाने हाताळतात किंवा टाकूनच देतात. एसईलिनक्समध्ये १०२४ वर्ग वापरण्याची प्रथा आहे, तर बिटमॅपमध्ये २४० च मावतात. यादी व पट्टे हे प्रकार मोठे क्रमांक स्वीकारतात; पण लिनक्समध्ये आकड्यांचे भाषांतर करणाऱ्या डीओआयसाठी ते उपलब्ध नाहीत.

लेबल वाचणारा कोड दुरून आलेल्या, अविश्वासार्ह माहितीवर चालतो. त्यामुळे त्यातील चूक थेट कर्नेलवर बेतते. २०२० मध्ये उघड झालेल्या सीव्हीई-२०२०-१०७११ या दोषात वर्गांचा बिटमॅप प्रत्यक्षात नसताना तो आहे असे नोंदले जाई आणि दूरस्थ यंत्राला कर्नेल बंद पाडता येई. सीव्हीई-२०२१-३३०३३ या दोषात डीओआयच्या वापराची गणना चुकल्याने मोकळी केलेली स्मृती पुन्हा वापरली जात होती. हे दोन्ही दोष दुरुस्त करण्यात आले आहेत.

== हे सुद्धा पहा ==

* एसईलिनक्स
* स्मॅक
* अनिवार्य प्रवेश नियंत्रण
* आयपीसेक
* लिनक्स कर्नेल