उतरन, जांगड आणि अब्रू

रमजान संपत आला होता. सातवीच्या वर्गात एका मुलाने हळूच विचारले, "सर, उतरन घालून ईदची नमाज होते का?" वर्ग हसला. मी लगेच सांगितले, "कपडा पाक असला की नमाज होते." मुलगा खाली बसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते. त्याचा प्रश्न नमाजेविषयी नव्हताच, तो अब्रूविषयी होता.

'उतरन' हा उर्दू शब्द आपल्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. अंगावरून उतरलेला, दुसऱ्याला दिलेला कपडा म्हणजे उतरन. अमरावतीत 1935 साली जन्मलेल्या वाजिदा तबस्सुम यांनी याच नावाची कथा लिहिली. नवाबाच्या मुलीचे उतरलेले कपडे घालत वाढलेल्या नोकराणीच्या मुलीच्या मनात काय पेटते, ते त्या कथेत आहे. कपडा जुना आहे, ही त्या मुलीची तक्रार नाही. तो उपकार म्हणून अंगावर पडतो, याची तिला चीड आहे. तोच कपडा तिने दोन पैसे मोजून बाजारातून आणला असता तर? मला वाटते, जुन्या वस्तूंच्या बाजाराचा सारा इतिहास या एका प्रश्नात आहे.

अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहात एक प्रसंग येतो. मदिनेतील एक अन्सारी हजरत पैगंबरांकडे (स.) मदत मागायला आला. घरात काय आहे, असे त्याला विचारले गेले. अर्धे अंथरायचे व अर्धे पांघरायचे असे एक जाड कापड आणि पाणी प्यायचा एक प्याला, एवढाच त्याचा संसार होता. पैगंबरांनी त्या वस्तू मागवल्या, स्वतःच्या हातात धरल्या आणि लोकांत बोली लावली. एकाने एक दिरहम म्हटले, दुसऱ्याने दोन दिले. एका दिरहमचे अन्न घरी गेले, दुसऱ्याची कुऱ्हाड आली. पंधरा दिवस लाकडे तोडून तो माणूस दहा दिरहम कमावून परतला. मागणाऱ्याचा हात इथे विकणाऱ्याचा झाला, आणि माल जुना म्हणून कोणी त्याला कमी लेखले नाही.

दुसऱ्याचा माल विकून देणारा मध्यस्थ अरब बाजारात 'सिमसार' किंवा 'दल्लाल' म्हणून ओळखला जाई. 'दलाल' हा आपला शब्द तिथलाच. इस्तंबूलच्या बेदेस्तानात दल्लाल माल हातात घेऊन फिरत आणि बोली पुकारत. अशा व्यवहारात मालकाला आपल्या वस्तूची खरी किंमत ठाऊक नसते. ती मध्यस्थाला ठाऊक असते. म्हणून सारा भार त्याच्या इमानावर पडतो. हिजरी 150 म्हणजे इ.स. 767 मध्ये वारलेले इमाम अबू हनीफा (रह.) कूफ्यात कापडाचे व्यापारी होते. चरित्रकार सांगतात, एक स्त्री त्यांच्याकडे रेशमी वस्त्र विकायला आली आणि तिने शंभर मागितले. "याची किंमत जास्त आहे," असे इमाम म्हणत गेले, आणि अखेर ते वस्त्र त्यांनी पाचशेला घेतले. गरजू माणसाच्या अज्ञानाचा फायदा न घेणे, हा या धंद्याचा पहिला धडा आहे.

आपल्या महाराष्ट्राच्या व्यापारी बोलीत याला जोडलेला एक सुंदर शब्द आहे, 'जांगड'. पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर परत करायचा, अशा बोलीवर दिलेला माल म्हणजे जांगड. माल दुकानात असतो, पण मालकी देणाऱ्याचीच राहते. पाश्चात्य देशांत याच तत्त्वावर जुन्या कपड्यांची आणि सामानाची दुकाने चालतात. वस्तू विकली गेली की दुकानदार आपला हिस्सा कापून घेतो आणि उरलेले पैसे मालकाला देतो. विकली गेली नाही तर ती परत जाते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात 1832 मध्ये हलाखीत आलेल्या घरंदाज स्त्रियांसाठी असेच एक विक्रीघर निघाले. तिथे जुने कपडे नव्हे, तर त्यांच्या हातचे शिवणकाम विकले जाई. पण विकणारीचे नाव झाकलेले राही. गरज बाजारात आली, पण चेहरा घरात राहिला.

आपल्याकडे हे काम बोहारणीने केले. दुपारी डोक्यावर भांड्यांची टोपली घेऊन ती दारात यायची. अम्मी जुने कपडे पुढे टाकायची आणि स्वतःहून सांगायची, "बाई, या बाहीला रफू आहे हं." मला तेव्हा अम्मीचा राग यायचा, सांगितले नसते तर पातेले थोडे मोठे मिळाले असते! पुढे वाचले, की मालातील ऐब लपवून विकणे आपल्याकडे जायज नाही. अम्मीने ते पुस्तकात वाचले नव्हते.

बोहारणीने नेलेला कपडा धुऊन, शिवून पुन्हा बाजारात उभा राहतो. दिल्लीच्या रघुबीर नगरमधील घोडा मंडी याच बोहारणींच्या समाजाच्या व्यापारावर उभी आहे. अगदी फाटलेली लोकर पानिपतला जाते आणि तिचा धागा निघून ब्लँकेटे बनतात. मुंबईत मटण स्ट्रीटवरच्या चोर बाजारात मोडक्या घड्याळापासून शिसवी कपाटापर्यंत सारे विकले जाते. त्या बाजाराच्या नावाने आपल्या लोकांना टोमणे ऐकावे लागतात, पण तिथले कितीतरी हात मोडलेले जोडण्यात झिजले आहेत.

ईदनंतर मी त्या मुलाला हा अन्सारीचा किस्सा सांगितला. त्याने बराच वेळ विचार केला आणि विचारले, "सर, मग तो प्याला ज्याने विकत घेतला, त्याला लाज वाटली का?"

मी म्हणालो, "नाही बेटा. त्याने किंमत दिली होती."

जकात, फित्रा आपण देतोच, द्यायलाच हवे. पण आपल्या मोहल्ल्यात असे एखादे दुकान का असू नये, जिथे देणाऱ्याचे नाव झाकलेले असेल आणि घेणारा चार पैसे मोजून मान वर करून बाहेर पडेल?