पोर्ट हारकोर्ट तेलशुद्धीकरण कारखाना

पोर्ट हारकोर्ट तेलशुद्धीकरण कारखाना : नायजेरियातील सर्वांत जुना, सरकारी मालकीचा खनिज तेलशुद्धीकरण कारखाना. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात, रिव्हर्स राज्याची राजधानी असलेल्या पोर्ट हारकोर्ट शहराच्या पूर्वेस एलेमे भागातील अलेसा येथे तो वसला आहे. १९६५ व १९८९ मध्ये सुरू झालेल्या दोन संयंत्रांचा त्यात अंतर्भाव होतो. त्यांची क्षमता दररोज अनुक्रमे ६०,००० व १,५०,००० पिंपे (१ पिंप = सुमारे १५९ लिटर) कच्चे तेल शुद्ध करण्याची आहे. आफ्रिकेतील एका प्रमुख तेलउत्पादक देशाला आपल्या वाहनांसाठी लागणारे पेट्रोल मात्र अनेक वर्षे परदेशातून आणावे लागले. ही विसंगती कशी निर्माण झाली, हे या कारखान्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

स्थापना : पोर्ट हारकोर्ट हे बंदर ब्रिटिश वसाहतकाळात १९१२-१३ च्या सुमारास एनूगू येथील दगडी कोळशाच्या निर्यातीसाठी वसविण्यात आले व त्यास तत्कालीन वसाहतमंत्री लूइस हारकोर्ट यांचे नाव देण्यात आले. १९५६ मध्ये ओलोइबिरी येथे व्यापारी प्रमाणावर खनिज तेल सापडले आणि १९५८ पासून त्याची निर्यात सुरू झाली. देशाला १९६० मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर कच्चे तेल देऊन पक्का माल विकत घेण्याची रीत मोडावी, या विचाराने शेल-बीपी कंपनी व नायजेरिया सरकार यांच्या भागीदारीत १९६५ मध्ये पहिला कारखाना सुरू झाला. दोनच वर्षांनी यादवी युद्ध पेटले (१९६७–७०). कारखाना बिआफ्राच्या प्रदेशात असल्याने त्याची हानी झाली व काम बंद पडले. युद्धसमाप्तीनंतर १९७० मध्ये तो दुरुस्त करून पुन्हा चालू करण्यात आला. कारखान्याचे हे पहिले पुनरुज्जीवन होय.

१९७१ मध्ये नायजेरिया तेल निर्यातदार देशांच्या संघटनेचा (ओपेक) सदस्य झाला. १९७७ मध्ये नायजेरियन राष्ट्रीय पेट्रोलियम निगम स्थापन झाला. पुढे वारी (१९७८) व कादूना (१९८०) येथे कारखाने निघाले आणि १९८९ मध्ये पोर्ट हारकोर्ट येथील दुसरे, मोठे संयंत्र पूर्ण झाले. या सर्वांची एकत्रित क्षमता दररोज ४,४५,००० पिंपांवर गेली.

रचना व कार्य : बॉनी येथील सागरी तळाकडून नळवाटे येणारे कच्चे तेल हलके व अल्प गंधकयुक्त असते. भट्टीत ते सुमारे ३५०° से. पर्यंत तापवून ऊर्ध्वपातन मनोऱ्यात सोडले जाते. तेथे उकळबिंदूंनुसार वायू, नॅप्था, केरोसीन, डीझेल व जड अवशेष वेगळे होतात. नॅप्थ्यावर उत्प्रेरकाच्या साहाय्याने प्रक्रिया करून पेट्रोल मिळवितात. जुन्या संयंत्राची रचना साधी असल्याने त्यातून जड इंधन तेल अधिक व पेट्रोल कमी मिळते. नव्या संयंत्रात उत्प्रेरकी भंजनाची सोय असून जड तेलाचे रेणू फोडून त्यांपासून पेट्रोल मिळविता येते. तयार माल ओक्रिका येथील धक्क्यावरून जहाजांनी, तसेच नळांतून आबा, एनूगू व माकुर्डी येथील साठ्यांकडे पाठविण्याची योजना होती.

अशा कारखान्याचे आयुष्य त्याच्या नियमित दुरुस्तीवर अवलंबून असते. भट्टीच्या नळ्यांत कार्बनाचे थर जमतात, उष्णता-विनिमयकांची झीज होते, उत्प्रेरके निष्क्रिय होतात आणि आम्ल व क्षार यांमुळे धातू गंजतो. यास्तव दर काही वर्षांनी संयंत्र पूर्णपणे थांबवून, उघडून व तपासून त्याचे भाग बदलावे लागतात. ही दुरुस्ती पुढे ढकलली, तरी कारखाना काही काळ चालतच राहतो. त्यामुळे टाळाटाळीचा परिणाम उशिरा दिसतो आणि तो दिसू लागेपर्यंत हानी बरीच वाढलेली असते. बंद पडून राहिलेले संयंत्रही गंजतच असते.

ऱ्हास : १९९० नंतरच्या दशकात नियतकालिक दुरुस्त्या लांबत गेल्या व उत्पादन क्षमतेच्या मानाने फारच खाली आले. यंत्रांच्या वयाइतकीच याची कारणे कारभाराच्या रचनेत होती. पेट्रोलची किंमत सरकार ठरवी व ती खर्चापेक्षा कमी ठेवी. परिणामी कारखान्याला स्वतःच्या उत्पन्नातून दुरुस्तीचा निधी उभारणे शक्य नव्हते. मोठ्या खर्चाची मंजुरी दूरच्या राजधानीतून येई. दुसरीकडे, आयात पेट्रोलवर सरकारी अर्थसाहाय्य मिळत असल्याने आयातीत अनेकांचे हितसंबंध गुंतले. नळ फोडून होणारी तेलाची चोरी ही आणखी एक अडचण होती. १९९८ मध्ये वारीजवळील जेसी येथे फुटलेल्या नळातील पेट्रोल पेटून सुमारे एक हजार लोक मृत्युमुखी पडले.

२००७ च्या मे महिन्यात अध्यक्ष ओलुसेगुन ओबासांजो यांच्या सरकारने कारकीर्दीच्या अखेरीस कारखान्याचा ५१ टक्के हिस्सा ब्लूस्टार या खाजगी गटाला ५६.१ कोटी डॉलरांना विकला. कामगार संघटनांनी त्यास कडाडून विरोध केला आणि जून महिन्यातील सार्वत्रिक संपात ही विक्री रद्द करणे ही एक प्रमुख मागणी होती. राष्ट्राची मालमत्ता घाईने व स्वस्तात दिली जात आहे, असे संघटनांचे म्हणणे होते. अध्यक्ष उमारू यार’आदुआ यांच्या कारकीर्दीत हा व्यवहार मोडला. त्यापूर्वी शेल कंपनीला हे कारखाने चालविण्यास सांगितले असता तिने नकार दिला होता, असे ओबासांजो यांनी नंतर सांगितले. मालकी सरकारकडे राहिली, परंतु दुरुस्तीचा प्रश्न सुटला नाही.

२०१२ च्या जानेवारीत अर्थसाहाय्य काढून घेण्याचा प्रयत्न तीव्र जनआंदोलनामुळे अंशतः मागे घ्यावा लागला. तेलसंपत्तीचा आपल्याला मिळणारा एकमेव लाभ म्हणजे स्वस्त पेट्रोल, अशी सामान्य जनतेची भावना त्यामागे होती. पुढे कच्चे तेल देऊन त्या बदल्यात परदेशी पेट्रोल घेण्याचे करार करण्यात आले. २०१९-२० पासून कारखान्यातील प्रक्रिया जवळजवळ थांबली. काम नसले, तरी वेतन व देखभाल यांचा खर्च चालूच होता.

परिसर : त्रिभुज प्रदेशातील शेती व मासेमारी यांवर तेलउद्योगाचा गंभीर परिणाम झाला आहे. ओगोनी प्रदेशातील तेल उत्खननाविरुद्धच्या चळवळीचे नेते व लेखक केन सारो-विवा यांना आठ सहकाऱ्यांसह १९९५ मध्ये पोर्ट हारकोर्ट येथेच फाशी देण्यात आले. संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या २०११ मधील अहवालानुसार एलेमे भागातील एन्सिसिओकेन ओगाले येथील काही विहिरींच्या पिण्याच्या पाण्यात बेंझीन या कर्करोगकारक द्रव्याचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून अधिक होते. हे ठिकाण राष्ट्रीय निगमाच्या तयार तेलाच्या नळाजवळ आहे. अनधिकृत भट्ट्यांवर चोरीचे तेल गाळण्याचा धंदाही या प्रदेशात फोफावला. त्या भट्ट्यांची काजळी २०१६ नंतर पोर्ट हारकोर्टच्या रहिवाशांना घरांवर व कपड्यांवर बसलेली दिसू लागली.

पुनरुज्जीवन : २०१९ मध्ये इटलीच्या टेक्निमाँट कंपनीकडे कारखान्याच्या तपासणीचे काम सोपविण्यात आले. १७ मार्च २०२१ रोजी नायजेरियाच्या मंत्रिमंडळाने दुरुस्तीसाठी १५० कोटी डॉलरांचा खर्च मंजूर केला व ते काम त्याच कंपनीला मिळाले. १८, २४ व ४४ महिने असे तीन टप्पे ठरले. एवढ्या खर्चात जुनी यंत्रे जगविण्यापेक्षा कारखाना विकावा, असे टीकाकारांचे मत होते. इंधनपुरवठा खाजगी हाती एकवटू नये, असे समर्थकांचे म्हणणे होते. २०२२ मध्ये निगमाचे रूपांतर व्यापारी तत्त्वावरील कंपनीत झाले. २९ मे २०२३ रोजी अध्यक्ष बोला टिनुबू यांनी पेट्रोलवरील अर्थसाहाय्य संपल्याचे घोषित केले आणि काही दिवसांतच पेट्रोलचा दर दुपटीहून अधिक झाला. देशी शुद्धीकरणाची निकड आता प्रत्येक घराला जाणवू लागली.

डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या संयंत्राचे यांत्रिक काम पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. अनेक मुदती उलटल्यानंतर २६ नोव्हेंबर २०२४ रोजी तेथून टँकर भरून बाहेर पडू लागले. तथापि, २४ मे २०२५ रोजी महिनाभराच्या दुरुस्तीसाठी म्हणून संयंत्र थांबविण्यात आले व ठरलेली मुदत उलटूनही ते सुरू झाले नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये कंपनीने कारखाना विकण्याचा विचार नसल्याचे सांगितले. पूर्ण पुनरुज्जीवन होण्यापूर्वीच तो चालविण्याचा आधीचा निर्णय पुरेशा माहितीवर आधारलेला नव्हता व व्यापारी दृष्ट्या तोट्याचा होता, अशी कबुलीही तिने दिली.

दरम्यान, लागोसजवळील लेक्की येथे डांगोटे उद्योगसमूहाचा दररोज ६,५०,००० पिंपे क्षमतेचा खाजगी कारखाना जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. त्याच्या उभारणीत भारत सरकारच्या एंजिनिअर्स इंडिया लिमिटेड या कंपनीचा सल्लागार म्हणून सहभाग होता. चारही सरकारी संयंत्रांच्या एकत्रित क्षमतेपेक्षा या एका कारखान्याची क्षमता अधिक आहे. त्यामुळे पोर्ट हारकोर्टच्या कारखान्यापुढील प्रश्न बदलला आहे. देशाला पेट्रोल पुरविण्याबरोबरच एका मोठ्या खाजगी उत्पादकाशेजारी स्पर्धा टिकवून धरणे, हे कार्यही त्याच्याकडून अपेक्षिले जाते. ते साधण्यासाठी नवे भाग बसविणे पुरेसे नाही. उत्पन्नातील ठरावीक वाटा दुरुस्तीसाठी राखून ठेवणारी आणि संयंत्र वेळच्या वेळी थांबविण्याचा अधिकार कारखान्यातील तंत्रज्ञांना देणारी व्यवस्था हवी. १९८९ नंतरच्या काळात नेमकी हीच व्यवस्था उभी राहिली नाही.